पोळा सरला की शिंका लागतात

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी १६ वर्षांची आहे. गाव रेणापूर तालुक्यात, पण अकरावीला लातूरला हॉस्टेलवर राहते, नीटची तयारी करते. तीन वर्षं झाली, पोळा सरला की मला शिंका लागतात. सकाळी उठले की सलग पंधरा-वीस. नाकातून नुसतं पाणी, डोळे लाल, टाळूला आतून खाज. ताप नसतो. दिवाळीत घरी गेले आणि सोयाबीनची रास (मळणी) चालू असली तर जास्तच. मेडिकलवाले काका सर्दीच्या गोळ्या देतात, त्या घेतल्या की फिजिक्सच्या तासाला डोकं बाकावर पडतं. सर म्हणतात, रात्री मोबाइल बघत बसते. रूममेटने नाकात टाकायचे थेंब दिले. लगेच नाक मोकळं झालं, पण आता दोन महिने झाले, दिवसातून चार-पाच वेळा टाकल्याशिवाय श्वासच येत नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, दसऱ्याला एक इंजेक्शन घे, वर्षभर बघायचं काम नाही. मी व्हिडिओ बघून जलनेतीचं भांडंपण मागवलंय. आई म्हणते, ओल्या केसांनी फिरते म्हणून होतं. मला वाटतं ही ॲलर्जी आहे. माझं मी ओळखून माझी मी बरी होऊ शकते का? आजी तर म्हणते, बाहेर बोलू नको, उद्या सोयरिकीला अडचण येईल.

(कधी कधी रात्री खोकला येतो आणि छातीत शिट्टीसारखं वाजतं, पण ते थोडंच.)

– एक शिंकणारी, लातूर

लेकरा, कंसातलं वाक्य मी दोनदा वाचलं. अख्ख्या पत्रात तेवढंच तू ‘थोडंच’ म्हणून बाजूला सारलंयस, आणि मला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागतेय. रात्रीचा खोकला आणि छातीतली शिट्टी ही नाकाची तक्रार नव्हे. नाक आणि फुप्फुसं एकाच वाटेची दोन टोकं आहेत. वरच्या टोकाला सूज असली की खालचंही पुष्कळदा सुजतं. नाकाची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना पुढेमागे दम्याचा त्रास निघतो, आणि दमा असलेल्यांपैकी बहुतेकांचं नाकही धड नसतं. तुला दमा आहेच, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण तपासल्याशिवाय ‘नाही’ असंही म्हणणार नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत. नाकाचं तू ओळखू शकतेस, खरं तर ओळखलंच आहेस. छातीचं ओळखणं तुझं काम नाही. याच आठवड्यात लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जा, किंवा घरच्यांच्या विश्वासाचे एमडी फिजिशियन असतील तर त्यांच्याकडे. तिथे एका नळीत जोरात फुंकर मारायला लावतात, स्पायरोमेट्री म्हणतात तिला. दुखत नाही, सुई नाही. श्वासाची वाट कुठे अरुंद झालीय का आणि औषधाने ती उघडते का, हे त्यातून कळतं. शिट्टी रात्रीच वाजत असेल तर दिवसा तपासणी अगदी चांगलीही येऊ शकते. म्हणून ‘सगळं नॉर्मल आहे’ ऐकून गप्प परत यायचं नाही. रात्री काय होतं, आठवड्यातून किती वेळा होतं, ते तोंडाने सांगायचं.

आणि एक गोष्ट आजच मनात पक्की कर. बोलताना वाक्य पुरं होईना, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, ओठ काळेनिळे दिसायला लागले किंवा चेहरा-जीभ सुजली, तर हॉस्टेलच्या मॅडमना उठवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. रात्रीचे दोन वाजलेत, कशाला त्रास द्यायचा, हा आपल्या मुलींचा शहाणपणा त्या वेळी कामाचा नाही.

आता आजींचं. त्यांच्यावर चिडू नकोस. मी या भागात बरीच वर्षं दवाखाना चालवतेय आणि त्यांची भीती हवेतली नाही, हे मला माहीत आहे. दम्याचा पंप (इनहेलर) पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवणाऱ्या सुना मी पाहिल्यात. बघायला पाहुणे येणार म्हणून आठ दिवस औषध बंद ठेवलेली आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी धाप लागून माझ्याकडे आणलेली मुलगीही पाहिली. लपवल्याने आजार लपत नाही, फक्त औषध लपतं. आजी म्हणतील, पंप लागला की सुटत नाही. त्यांना सांग की पंपातून मिळणारं औषध गोळीच्या मानाने अगदी कणभर असतं आणि ते नेमकं श्वासनळीत जाऊन पडतं. सवय लागते ती तुझ्या त्या थेंबांची, जे तू दोन महिने टाकतेयस, आणि त्यांना घरात कुणीच नावं ठेवलेली नाहीत!

डॉक्टरांनी पंप दिलाच तर एवढं विचारून घे की यातला रोजचा कोणता आणि त्रास झाल्यावर ओढायचा कोणता. नुसता त्रासाच्या वेळचा पंप ओढत राहणं म्हणजे आत सूज तशीच ठेवून वरून वाट उघडत राहणं. त्यावर दिवस ढकलणारी मुलं मी पुष्कळ पाहते आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

थेंबांचा विषय निघालाच आहे तर तो संपवू. बाटलीवरचं बारीक अक्षर वाच. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलेलं असेल. हे औषध नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून दोन मिनिटांत नाक उघडतं आणि माणूस त्याच्या प्रेमात पडतो. असर उतरला की त्याच रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. तीन, फार तर पाच दिवस, यापुढे हे औषध नाकात जाऊ नये. दोन महिन्यांनंतर तुझं नाक आता पराग-धुळीने कमी आणि थेंबांनीच जास्त बंद होतंय. तुझी काही चूक नाही, हे तुला कुणी सांगितलंच नाही. पण दुसरीच्या नाकातली बाटली आपल्या नाकात घालायची नाही, एवढं तरी तुला ठाऊक असायला हवं होतं.

सोडवायचं कसं? एकदम बंद करशील तर दोन रात्री तोंडाने श्वास घेत बसशील आणि तिसऱ्या रात्री पुन्हा बाटली उचलशील. त्यापेक्षा आधी एका नाकपुडीतले थेंब बंद कर, दुसरीत चालू ठेव. म्हणजे एक बाजू तरी उघडी राहते. पहिली नाकपुडी आपली आपण उघडायला लागली, साधारण आठवड्याभरात लागते, की दुसरीचे बंद. याच काळात डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे रोज सुरू हवा, त्याबद्दल पुढे लिहिते. ते चार-पाच दिवस वाईट जातील. म्हणून ज्या आठवड्यात टेस्ट नाही तोच निवड.

आता तुझी ती मुख्य शंका, ही ॲलर्जीच का?

मी रुग्णाला पहिला प्रश्न एकच विचारते, खाजतं का? पडशाला घसा दुखतो, अंग मोडून येतं, कधी कणकण असते, सुरुवातीचं पाणी दोन-तीन दिवसांत घट्ट होतं आणि आठ-दहा दिवसांत खेळ आटोपतो. शिवाय खोलीतल्या आणखी दोघींना ते लागतं. ॲलर्जीत बहुधा खाज असतेच. नाकात, डोळ्यांत, टाळूला, कुणाला कानात आतून. पाणी पाण्यासारखंच राहतं, आठवडे सरतात, ताप येत नाही, खोलीत कुणाला लागत नाही आणि दर साली त्याच सुमारास होतं. तू ‘टाळूला आतून खाज’ लिहिलंस, तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं. आरशात एकदा बघ, नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक बारीक आडवी रेघ आहे का? तळहाताने नाक वर ढकलून ढकलून खाजवणाऱ्या मुलांना ती पडते. आणि डोळ्यांखालचा काळपटपणा पाहून सरांनी मोबाइलवर संशय घेतला असेल, तर तो नाक बंद राहिल्यानेही येतो, हे त्यांना माझ्या नावाने सांग. (मोबाइल बघत नाहीस, असं मात्र मी म्हणत नाहीये.)

आईचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चिडलेलं नाक गार हवेनेही शिंकतं. पण ते निमित्त झालं. ओले केस हे कारण असतं तर तुला उन्हाळ्यातही पंधरा-वीस शिंका आल्या असत्या.

याउलट काही लक्षणं वेगळ्याच आजाराची असतात. एकाच बाजूची नाकपुडी कायम बंद, एकाच बाजूने घाण वास किंवा रक्त, चेहऱ्याला एका बाजूला ठणका आणि ताप. असलं काही असेल तर ॲलर्जी समजून बसू नये, सरळ कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठावेत. तुझ्यात यातलं काही दिसत नाही.

मग ॲलर्जी कशाची? इथे तू स्वतः जे करू शकतेस ते कुठलाच डॉक्टर करू शकत नाही. चार्ल्स ब्लॅकली नावाचे मँचेस्टरचे एक डॉक्टर होते. त्यांना स्वतःलाच दर उन्हाळ्यात हा त्रास व्हायचा. लोक म्हणत, उन्हाने होतं, धुळीने होतं, गवताच्या वासाने होतं. या गृहस्थांनी एकेक गोष्ट स्वतःच्या नाकावर करून पाहिली, गवताचे परागकण कातडीवर चोळून पाहिले, इतकंच काय, हवेत वर किती पराग असतात हे बघायला चिकट काचा लावलेले पतंग उडवले! १८७३ मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. आज आपण कातडीवर टोचून ॲलर्जीची चाचणी करतो, तिचं मूळ या माणसाच्या स्वतःवरच्या खटाटोपात आहे. तुला पतंग नको, एक वीस रुपयांची वही पुरे. रोज रात्री एकच ओळ. आज शिंका कधी आल्या, तेव्हा मी कुठे होते, आसपास काय चाललं होतं, त्रास दहापैकी किती, कुठलं औषध घेतलं, रात्री शिट्टी वाजली का. तीन आठवडे लिही. तोवर आपल्या मनाने औषध बदलायचं नाही. तुझ्या आताच्या पद्धतीत एका वेळी तीन गोष्टी चालल्यात, म्हणून कशाने काय होतंय ते तुलाच कळत नाहीये.

माझा संशय तिघांवर आहे.

पहिलं गाजरगवत. काँग्रेस म्हणतात ते. १९५०च्या दशकात परदेशी गव्हाबरोबर ते आपल्याकडे आलं, असं सांगतात. आज आपल्या प्रत्येक बांधावर, रिकाम्या प्लॉटवर आणि रेल्वे रुळांच्या कडेला ते आहे. पावसाच्या पाण्यावर वाढतं आणि पोळ्याच्या पुढे पांढऱ्या फुलांनी भरून जातं. तुझी तारीख आणि त्याची तारीख जुळते, हे विसरू नकोस. त्याचे पराग नाकाला त्रास देतात आणि नुसतं हाताने उपटलं तर काहींच्या कातडीला इसबासारखं होतं. तुझ्या हॉस्टेलच्या मागे रिकामा प्लॉट असेल आणि त्या बाजूला तुझी खिडकी असेल तर ती सकाळी लावून घे. उपटायची मोहीम कुणी काढलीच तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, आणि तू त्या मोहिमेत नको. मेक्सिकन भुंगे नावाचे किडे हे गवत खातात, पण ते हॉस्टेलच्या पोरींचं काम नव्हे, वडिलांना कृषी विभागाकडे विचारू दे.

दुसरी रास. सोयाबीनची बनीम (गंजी) मोडून मशीन लागलं की जी धूळ उडते, ती नुसती माती नसते. त्यात शेंगेची साल, दाण्याचं बारीक टरफल, ओल लागून काळ्या पडलेल्या काडावरची बुरशी, सगळं असतं. सोयाबीनच्या टरफलाची ही करामत जगाला कळली ती स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात. १९८१ ते १९८७ या काळात तिथे अधूनमधून एखाद्या दिवशी दम्याने बेजार झालेल्या माणसांची अचानक दवाखान्यांत गर्दी व्हायची. शोधता शोधता सापडलं की बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवलं जायचं त्याच दिवशी हे व्हायचं. साठवणुकीच्या कोठाराला धूळ अडवायची गाळणी बसवली आणि त्या साथी थांबल्या. आता लातूरच्या बाजारात दिवाळीच्या तोंडावर काय उडत असतं, ते तू पाहिलंच आहेस. त्यामुळे ‘पोरगी शेताला नाकं मुरडते’ असं घरात कुणी म्हणालं, तर ही गोष्ट सांग. राशीच्या दिवशी मशीनजवळ पोती धरायला उभी राहू नकोस. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांब, एन-९५ मास्क लाव, घरी आल्यावर आधी अंघोळ आणि केस. स्टोल तोंडाला बांधून आपण सुरक्षित झालो असं मुलींना वाटतं. पण तोच स्टोल चार दिवस न धुता बांधला तर अख्खी रास तू नाकाशी धरून बसतेस.

तिसरा संशयित तुझ्या गादीत आहे. डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे दमट हवेत वाढतात, म्हणून पावसाळ्याच्या शेवटी त्यांची भरभराट असते. सकाळी उठल्या उठल्या पंधरा शिंका येत असतील तर रात्रभर तू कशावर नाक टेकून होतीस, हा प्रश्न पडायलाच हवा. आपल्या बायका घट बसायच्या आधी सगळ्या गोधड्या-वाकळा धुऊन कडक उन्हात टाकतात, ते उगाच नाही. तू हॉस्टेलवर दर आठवड्याला चादर आणि उशीची खोळ गरम पाण्यात धू, गादी उन्हात टाक. मात्र घरी घटस्थापनेआधी माळ्यावरची भांडी काढायचं आणि जाळ्या झाडायचं काम भावाला दे. त्यालाही हात आहेत.

वहीत हे तिघे वेगळे होतील. हॉस्टेलवर फक्त सकाळी त्रास, बाहेर पडलं की कमी, तर गादी. बाहेर मोकळ्यावर गेलं की जास्त, तर गवत. दिवाळीच्या आठ दिवसांतच आकडा आठ-नऊवर, तर रास. दोन किंवा तिन्ही असणंही नवल नाही. येळवसेला (वेळा अमावस्येला) शेतातल्या कोपीत बसल्यावर शिंका येत असतील तर तेही लिही, ज्वारी तेव्हा फुलोऱ्यात असते आणि ज्वारी म्हणजे शेवटी गवतच. आणि बारावीच्या परीक्षेच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्रास झाला तर वेडी बाभूळ फुललीय का ते बघ. मच्छर अगरबत्ती, धूप, शेतातलं काड जाळल्याचा धूर, यांनी नाक आणि छाती चिडते, ॲलर्जी नसली तरी. खोलीत कॉइल लावत असाल तर त्याऐवजी मच्छरदाणी लावा.

गोळ्यांबद्दल. ‘सर्दीची गोळी’ हे काही औषधाचं नाव नव्हे. पट्टीच्या मागे बघ. बहुतेक वेळा त्यात क्लोरफेनिरामाइन असतं, सोबत पॅरासिटामॉल आणि आणखी काहीतरी. तुला ताप नाही, अंगदुखी नाही, मग पॅरासिटामॉल कशाला? क्लोरफेनिरामाइन जुन्या घराण्यातलं, ते मेंदूत शिरतं. झोप आणतंच, पण झोप वाटली नाही तरी लक्ष आणि आठवण मंदावते. नीटची तयारी करणाऱ्या मुलीने भर दुपारी ते घेणं म्हणजे दुपारचा क्लास फुकट घालवणं. त्यापेक्षा सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिन बरं, तरी त्यानेही काहींना गुंगी येते, म्हणून ते रात्री. लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिनने झोप सगळ्यात कमी. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्यायची, फळांच्या रसासोबत ती नीट शोषली जात नाही, म्हणजे मोसंबीचा ज्यूस नंतर. तुला कुठली आणि किती, हे तुला तपासणारे डॉक्टर ठरवतील. पण त्यांना ‘मला दिवसा झोप नको’ हे तू सांगायलाच हवं. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच नवी गोळी घ्यायची नाही.

एका गोळीबद्दल मात्र मी जरा हट्टाने लिहिणार आहे. लेव्होसेट्रिझिनसोबत मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. काहींना तिचा उपयोग होतो, मीही लिहून देते. पण मॉन्टेलुकास्टने काही जणांचा स्वभाव बदलतो. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित जीव नकोसा वाटणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला आणि साध्या नाकाच्या ॲलर्जीला इतर औषधं चालत असतील तर हे टाळा, असं सांगितलं. घरापासून लांब, टेस्टच्या मार्कांवर दिवस मोजणाऱ्या मुलांच्या गावात ही गोष्ट प्रत्येक हॉस्टेलच्या फळ्यावर लिहिलेली असावी, असं मला वाटतं. तुला ती गोळी चालू असेल आणि मन असं काही करायला लागलं, तर ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून सोडू नकोस. त्याच दिवशी घरी आणि डॉक्टरांना सांग.

खरं औषध नाकाचा स्टेरॉइड स्प्रे. स्टेरॉइड म्हटलं की घाबरायचं कारण नाही. फ्लुटिकासोन, मोमेटासोन असली ही औषधं नाकाच्या आतल्या अस्तरावरच काम करतात, अंगात फार थोडी जातात. पण यांना थेंबांची घाई नसते. पहिल्या दिवशी काहीच वाटणार नाही, नीट फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणि इथेच तुझ्या वयाची मुलं हरतात. त्रास झाला त्या दिवशी मारायचा, बरं वाटलं की कपाटात. हा स्प्रे तसा चालत नाही. पुढच्या साली पोळ्याच्या दोन आठवडे आधीच सुरू करायचा आणि हंगाम सरेपर्यंत रोज.

मारायची पद्धतही नव्वद टक्के मुलं चुकतात, असं माझं अंदाजपंचे मत आहे. नाक हलकेच शिंकर. मान मागे टाकू नकोस, किंचित खाली घाल. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्या नाकपुडीसाठी उजवा, म्हणजे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारलं की रक्त येतं. मारताना फूल हुंगतो तितकाच श्वास. जोरात ओढलंस तर औषध घशात उतरेल, घसा कडू होईल आणि नाक कोरडंच राहील.

दसऱ्याचं इंजेक्शन नको. ते बहुतेक करून लांब टिकणारं स्टेरॉइडच असतं, पण नाकापुरतं नाही, अख्ख्या अंगाला. एका सुईत महिनाभर बरं वाटतं, हे खरं आहे, म्हणूनच ते इतकं चालतं. पण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावतं, साखर-रक्तदाब हलतो, पाळी बिघडते, टोचलेल्या जागी खळगा पडू शकतो. वाढत्या वयात तर नकोच. त्या डॉक्टरांशी भांडू नकोस, ‘मॅडमनी स्प्रे दिलाय’ एवढं सांग.

जलनेतीचं भांडं वापर, चांगलं आहे ते. फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं. नळाचं नको, टँकरचं नको, आणि जारचं तर मुळीच नको. ते थंड असतं आणि स्वच्छ दिसतं, पण निर्जंतुक नसतं. नाकातून मेंदूपर्यंत जाणारा एक अमिबा असल्या पाण्यात असू शकतो. फार क्वचित होतं, पण झालं तर वाचणं अवघड. पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा साधं मीठ. नाक आधी धुवायचं, स्प्रे नंतर मारायचा. भांडं धुऊन उलटं वाळवायचं. वाफ घ्यायची हौस असेल तर घे, पण हॉस्टेलच्या खोलीत उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर टॉवेल घेऊन वाकलेली आणि मग मांडी भाजून आलेली पोर मी विसरलेले नाही.

चाचणीची घाई नको. पन्नास पदार्थांची यादी छापून देणारी महागडी रक्ततपासणी तर अजिबात नको. वही आणि स्प्रे यांनी भागलं नाही तर कातडीवरची चाचणी करू. तिच्या आधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. त्यात नेमकं काही सापडलं तर ॲलर्जीची लस घेता येते, पण ती तीन ते पाच वर्षं चालते. नीटनंतर कुठल्या गावाला जाशील, कुणास ठाऊक, तेव्हा ते नंतर बघू.

ओपीडीला जाताना आजींनाच सोबत ने. ‘बाहेर बोलू नको’ म्हणणारं माणूस एकदा डॉक्टरांसमोर बसलं की घरातलं निम्मं काम होतं. आणि तुझ्या फुंकरीची तपासणी झाली की डॉक्टरांना हळूच विचार, आजींचीही कराल का? चुलीपुढे चाळीस वर्षं बसलेल्या बाईला पहाटेचा खोकला येत असतो, तो तिने कधीच कुणाला सांगितलेला नसतो.